गांजा : औषध की गुन्हा?

गेल्या पावसाळ्यात आमचे आबा तोंडाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळले. जळगावच्या फेऱ्या चालू होत्या, पण रात्रीच्या वेदना थांबत नव्हत्या. पहूरच्या बाजारात एका ओळखीच्या माणसाने वडिलांना सुचविले, "थोडा गांजा देऊन बघा." वडील म्हणाले, "म्हाताऱ्याला औषध द्यायचे आणि मी जेलात जायचे का?" आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर शोधणे माझ्याकडे आले.

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने म्हणजे भांग, फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस. आयुर्वेदात या वनस्पतीला 'विजया' म्हणतात. अमेरिकेत २०१८ साली या झाडापासून काढलेल्या एका औषधाला लहान मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांवर मान्यता मिळाली. म्हणजे औषधी गुण ही केवळ बाजारातील अफवा नव्हे. मात्र ते प्रत्येक दुखण्यावर रामबाण आहे, असेही नव्हे.

आता कायदा पाहू. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या आठव्या कलमाने गांजा बाळगणे व सेवन करणे यांना बंदी आहे. त्याच कलमात वैद्यकीय व शास्त्रीय कारणांचा अपवादही आहे. पण तो सरकारी नियम व परवान्याच्या चौकटीतच. रुग्णाने स्वतः गांजा विकत आणला, तर आजार हा बचाव ठरत नाही. सेवनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' मानला जातो. पण अल्प म्हणजे माफ नव्हे.

निव्वळ पाने या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. तरी आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार भांगेलाही परवाना लागतो. रुग्णाला सरळ वाट एकच : परवानाधारक कारखान्याने बनविलेले आयुर्वेदिक औषध, तेही वैद्याच्या देखरेखीखाली. औषधविषयक नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने ही देखरेख आवश्यक आहे. वैद्याची चिठ्ठी आणि दुकानाची पावती जपून ठेवावी. रुग्णाचे संरक्षण त्या दोन कागदांत आहे. कॅलिफोर्नियाने १९९६ साली जनमताने रुग्णांना दिले तसे स्वतंत्र संरक्षण आपल्याकडे नाही.

हे शोधताना आणखी एक गोष्ट समजली. असह्य वेदनांवर डॉक्टर मॉर्फिन देतात. तेही याच कायद्यात अडकले होते. राज्याराज्यांच्या निरनिराळ्या परवान्यांमुळे रुग्णालये ते ठेवायला कचरत. अखेर २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांची वाट सोपी केली. कायदा माणसांनी केलेला असतो, तो माणसांसाठी बदलताही येतो, हे यावरून दिसते.

परंतु बदललेला कायदा आमच्या घरापर्यंत पोहोचलाच नाही. मॉर्फिनविषयी आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही, कारण विचारायचे काय हेच ठाऊक नव्हते. दिवाळीपूर्वी आबा गेले.

मित्रहो, गांजाची व्यसनाधीनता वाईटच. तिची वकिली मी करीत नाही. पण व्यसनी आणि रुग्ण यांना एकाच दोरीने बांधणे न्यायाचे नाही. कायद्याने रुग्णाला स्पष्ट संरक्षण द्यावे. आणि आपल्यापैकी कोणाच्या घरी असे दुखणे असेल, तर बाजारातल्या पुडीकडे न वळता डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, "वेदना थांबविण्यासाठी काय देता येईल?" हा प्रश्न विचारणे गुन्हा नाही.

— द्वितीय वर्ष कला