वेगाचा भार कोणाच्या पाठीवर?

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शर्यतीच्या मोटारीशी आमचा संबंध वाचनापुरताच. पण कोणतेही यंत्र दिसले की आम्ही आधी विचारतो, ते चालवणाऱ्याचे काय?

वळणावर गाडीला रस्त्याशी धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोन: हवा आणि चाकांवरच्या स्प्रिंगा. २०२२ साली फॉर्म्युला वनच्या नियमांनी गाडीच्या तळाखाली हवेचे बोगदे आणले. चिंचोळ्या वाटेने हवा वेगाने धावते, तिचा दाब उतरतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. ही ओढ टिकवायची तर तळ आणि जमीन यांतले अंतर बदलता कामा नये. म्हणजे स्प्रिंगा कडक हव्यात. उलट, खाचखळगे गिळायचे तर त्या मऊ हव्यात. एकीचे साधावे तो दुसरीचे बिघडते!

पुढच्या चाकांना धरणाऱ्या दांड्या तर हवेच्या वाटेतच उभ्या. रेड बुल आणि मॅक्लारेन यांनी त्या वर्षी स्प्रिंग ओढणारी दांडी चाकाच्या वरच्या अंगापासून तिरपी खाली, गाडीच्या पोटात नेली. वजन खाली गेले, हवेलाही वाट बरी मिळाली. मात्र आत हात घालणाऱ्या कारागिराची अडचण वाढली. रेड बुलने चाकाचे आडवे हातही असे तिरके बसवले की ब्रेक दाबताच नाक फारसे झुकू नये. त्याने तळ स्थिर राहतो, पण नाक झुकण्यातून चालकाला मिळणारी ब्रेकची जाणीव बोथट होते.

आता मुद्द्याचे. वेग वाढता वाढता तळ इतका खाली येई की हवेची वाट तुंबे, ओढ सुटे, गाडी उसळे, आणि पुन्हा ओढ लागे. कडक स्प्रिंगांमुळे तो सारा मार चालकाच्या कण्यावर. १२ जून २०२२ रोजी बाकू येथे लुईस हॅमिल्टन चौथा आला, पण पाठ धरून कसाबसा गाडीबाहेर पडला.

गाडी थोडी उचलली असती तर मार कमी झाला असता. मग कोणी उचलली का नाही? कारण जो एकटा उचलील तो मागे पडेल! चालकांनी उघड तक्रार केली, तेव्हा नियामक संस्थेने त्याच वर्षी बेल्जियमच्या शर्यतीपासून उसळीला मर्यादा घातली, आणि २०२३ साली तळाच्या कडा सर्वांनाच १५ मिलिमीटर वर घ्यायला लावल्या.

कामाच्या तासांचा कायदा सर्वांना सारखा का लागतो, हे आम्हांला गिरणीच्या दारात कळले होते. तेच या गाडीने पुन्हा शिकवले.