सुरतेची दमट हवा आणि वखारीतील आर्द्रताहरण यंत्र

काही वर्षांपूर्वी पर्युषणाच्या आठ दिवसांनंतर पेढी उघडून आम्ही वखारीत पाऊल टाकले, तेव्हा प्रथम जाणवला तो वास. ओल्या पुठ्ठ्याचा तो कुबट वास ज्याने एकदा घेतला त्याला तो जन्मभर ओळखता येतो. खोक्यांच्या तळाशी पांढरी बुरशी चढली होती. लग्नसराईसाठी बांधून ठेवलेल्या शालूंची अस्तरे डागाळली होती. कित्येकांच्या जरीच्या काठांवर तर एका रेषेत काळे पट्टे उमटलेले दिसले. वखारीत आर्द्रताहरण यंत्र होते, नवे होते, आणि त्याची किंमतही काही थोडी नव्हती. परंतु त्याच्या पाण्याची बादली पहिल्या एकदोन दिवसांतच भरली आणि भरल्याबरोबर यंत्र नियमाप्रमाणे आपोआप बंद पडले. पुढचे सहा दिवस बंद दारांआड ओल आपले काम करीत राहिली. माल परत घेण्याचा प्रसंग आला. नुकसान भरून निघाले, पण नव्या ग्राहकापाशी पेढीची पत पुन्हा बसविण्यास दोन हंगाम लागले. हे यंत्र घेण्याचा विचार करणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना त्या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

सुरत तापीकाठी वसलेली, आणि समुद्रही तिच्यापासून दूर नाही. जूनपासून सप्टेंबरअखेर येथील हवेची सापेक्ष आर्द्रता पुष्कळदा ८० टक्क्यांच्या वर असते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जितकी वाफ मावू शकते तिच्या किती शेकडा भाग वाफ प्रत्यक्षात आहे, ते प्रमाण. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांला सुमारे १७ ग्रॅमच. म्हणून उष्ण दमट हवा थंड पृष्ठाला लागली की जास्तीची वाफ पाणी होऊन बाहेर पडते. थंड पाण्याच्या पेल्यावर येणारे दव हेच. नेहमीचे आर्द्रताहरण यंत्र असा एक थंड पेलाच पोटात बाळगते: पंखा खोलीतील हवा थंड नळ्यांवरून ओढतो, पाणी खाली गळते, आणि कोरडी झालेली हवा यंत्रातल्याच उष्ण नळ्यांवरून खोलीत परत येते. दुसऱ्या जातीच्या यंत्रात सिलिका जेलसारख्या शोषक द्रव्याचे फिरते चाक असते. ते अतिशय कोरड्या अथवा थंड जागेसाठी उत्तम, पण सुरतेच्या उष्ण हवेत पहिली जात पुरेशी पडते आणि वीजही कमी खाते.

ही विद्या मुळात वस्त्र आणि कागद यांच्याच व्यवसायातून निघाली. १९०२ मध्ये विलिस कॅरियरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी हवेतील ओल आवरण्याची योजना आखली, कारण ओलीने कागद फुगून रंगांचे ठसे जुळत नसत. उलट १९०६ च्या सुमारास अमेरिकेतील स्टुअर्ट क्रेमर कापडगिरण्यांत हवेत ओल घालण्याच्या खटपटीत होता, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. म्हणजे मागाला ओल हवी आणि वखारीला नको. एकाच इमारतीत दोन्ही असणाऱ्यांनी मधली भिंत आणि दार पक्के ठेवणे अत्यावश्यक होय. ही गोष्ट आपल्याकडे फारशी ध्यानात घेतली जात नाही.

असेच यंत्र बंदिस्त तरणतलावालाही लावतात. तेथे ओलीचा उगम खोलीच्या आतच असतो. म्हणून हवा पाण्याहून एकदोन अंश उष्ण ठेवून बाष्पीभवन आवरतात, आणि तलाव वापरात नसता त्यावर आच्छादन घालतात. वखारीत शत्रू बाहेरून येतो. त्यामुळे आपल्याकडे यंत्राहून दाराची योग्यता मोठी.

हे आकड्यांनी पाहावे. ३० फूट लांब, २० फूट रुंद व १० फूट उंच वखारीत सुमारे १७० घनमीटर हवा असते. तिची आर्द्रता ८५ टक्क्यांवरून ५५ वर आणावयाची तर हवेतून अवघे दीड लिटर पाणी काढावे लागेल. पण शटरच्या फटींतून तासाला एकदा सगळी हवा बदलत असेल, तर हेच दीड लिटर दर तासाला, म्हणजे दिवसाला ३६ लिटर, काढीत राहावे लागते. फटी बुजवून हवा चार तासांत एकदाच बदलेल असे केले, तर काम नऊ लिटरांवर येते. यंत्र मोठे घेण्यापूर्वी शटरच्या आत एक घट्ट दार बसवावे, जुन्या पंख्याची भोके बंद करावीत, भिंतीला पाझर असल्यास तो आधी थांबवावा. ‘खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा’ हा वडीलधाऱ्यांचा उपदेश हिवाळ्यात योग्य, श्रावणात घातक.

मालाचे पाणी निराळेच. व्यापारी गणनेत १०० किलो कोरड्या रेशमामागे ११ किलो ओल मान्य आहे, कापसामागे साडेआठ, व्हिस्कोजमागे १३, आणि पॉलिएस्टरमागे अर्धा किलोही नाही. पावसाळ्यात नैसर्गिक तंतू याहूनही अधिक पाणी पितात, आणि पुठ्ठ्याची खोकीही काही मागे राहत नाहीत. हे पाणी सावकाश सुटते. म्हणून पहिल्या आठवड्यात काटा हलत नाही असे पाहून यंत्रास दोष देऊ नये. ते पाऊस सुरू होण्यापूर्वीच चालू करावे.

विक्रेता सांगतो ती क्षमता बहुधा ३० अंश व ८० टक्के आर्द्रतेची असते. हवा कोरडी होत गेली की तीच क्षमता पुष्कळ घटते, कित्येकदा निम्म्याच्या आसपास येते. आमच्या पहिल्या यंत्राच्या विक्रेत्याने हे सांगितले नव्हते, आम्हीही विचारले नव्हते.

यंत्र भिंतीपासून व गठ्ठ्यांपासून निदान एक फूट दूर, हवा मोकळी फिरेल असे ठेवावे. ते उंच चौथऱ्यावर असावे. ऑगस्ट २००६ मध्ये उकई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला, तो अनुभव ज्यांच्या तळमजल्यांना आला त्यांना याचे कारण सांगावयास नको. बादलीवर विसंबू नये. नळी सतत उताराने थेट मोरीत सोडावी, तिला कोठेही उंचवटा असू नये. चाकाच्या जातीच्या यंत्राची दमट हवा मात्र स्वतंत्र नळाने बाहेर काढावी, नाहीतर काढलेली ओल पुन्हा घरातच. विजेची जोडणी स्वतंत्र व भूयोजित असावी. वीज जाऊन आल्यास तीन मिनिटे थांबूनच यंत्र सुरू व्हावे.

यंत्र खोली थोडी तापविते. दहा लिटर पाणी धरले तर त्या वाफेची सुप्त उष्णता आणि यंत्राची वीज मिळून सातशे वॅटची शेगडी अहोरात्र पेटल्यासारखे होते. काही जण म्हणून वातानुकूलन यंत्रच लावतात. ते ओल काढते खरे, पण खोली थंड झाली की थांबते, आणि ओल मात्र तशीच राहते. शिवाय २२ अंशांचा थंड तागा पावसाळी हवेत उघडला की त्यावर दव धरते. असा माल बाहेर काढल्यावर काही तास वेष्टनातच राहू द्यावा.

आर्द्रता ५० ते ५५ टक्के राखावी. ४० च्या खाली रेशीम ठिसूळ होते. आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास ठेवू नये. झाकणात ओलसर मीठ घालून ते मापकासह घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. काटा ७५ च्या जवळ आला तर मापक बरोबर. आमचा आठ टक्क्यांनी खोटे बोलत होता.

आता त्या काळ्या पट्ट्यांविषयी. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार व तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. चांदीला गंधकाचे वावडे, आणि ओल असली की ती काळी पडण्याचा वेग वाढतो. आमच्या शालूंना रबराचे बंद लावलेले होते. रबरात गंधक असतो. पट्टे नेमके बंदांच्या जागी उमटले. यंत्र चालू असते तरी ते कालांतराने उमटलेच असते. तांब्याच्या तारेची नकली जर ओलीने हिरवटही होते. पॉलिएस्टरच्या पापुद्र्याच्या जरीला हे भय बरेच कमी. सुती फडके व सुती दोरी हेच खऱ्या जरीचे योग्य बंधन.

आपल्या ज्ञानभांडारांत ही दृष्टी पूर्वीपासून होती. पोथ्या वस्त्रात घट्ट बांधून लाकडी पेटीत ठेवावयाच्या, आणि पावसाळा सरल्यावर कार्तिक शुद्ध पंचमीस, ज्ञानपंचमीस, बाहेर काढून पुसून हवा द्यावयाची. बुरशी उत्पन्न झाल्यावर विषारी फवारे मारण्यापेक्षा ती उत्पन्नच होऊ न देणे आपल्या आचाराशीही अधिक सुसंगत आहे.

देखभाल फार नाही, पण चुकवून चालत नाही. कापडाच्या वखारीत तंतू उडतात, म्हणून गाळणी दर पंधरवड्याला धुवावी. नळीत शेवाळ धरते, ते महिन्याला पाहावे. नळ्यांवर बर्फ दिसला तर गाळणी तुंबली आहे, पंखा मंदावला आहे किंवा शीतक वायू कमी झाला आहे, असे समजून यंत्र बंद करून जाणकारास बोलवावे. सकाळ-संध्याकाळ आर्द्रता व तापमान वहीत लिहावे. सुट्ट्यांतही कोणी तरी येऊन लिहून जाईल अशी व्यवस्था करावी. आमच्याकडे आता ते काम पाळीपाळीने केले जाते, पर्युषणातही.

ज्ञानपंचमीच्या सुमारास बाहेरची आर्द्रता मापकावर ५५ च्या खाली येऊ लागली की यंत्र थांबवावे, गाळणी धुऊन वाळवावी, नळीतील पाणी पूर्ण काढावे, यंत्र सुती कापडाने झाकावे आणि दुपारच्या वेळी वखारीची दारे उघडावीत.