वास्कोचे बंदर पाहताना

वास्कोला जाणारा प्रवासी बहुधा बायणा किंवा बोगमाळो येथील समुद्रकिनारा पाहून परततो. माझे म्हणणे असे, की आम्हां डिचोलीकरांनी आधी सड्यावर चढून मुरगाव बंदर पाहावे.

मी सड्यावरून खाली पाहिले, तेव्हा प्रथम डोळ्यांत भरले ते बंदरातील शांत पाणी. त्याचे कारण भूगोलात आहे. नैर्ऋत्येचे वारे सुटले, की मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूच्या दांड्यावर लाटा उसळतात व बार्जांची ये-जा थांबते. झुआरीच्या मुखाशी मुरगावचे भूशिर हे वारे अडवते. उरलेल्या लाटा दगडी बांध थोपवतो. म्हणूनच पोर्तुगीज राजवटीत येथे आधुनिक बंदर उभे राहिले आणि 1888 मध्ये लोहमार्ग कॅसलरॉकपर्यंत पोचला.

आमच्या तालुक्यातील लोहखनिज बार्जांतून मांडवीने येई. पावसाळ्यात ते कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरे. येथून ते जपानला व पुढे चीनलाही जाई. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, तेव्हा ट्रक, बार्ज व धक्का ही साखळी तुटली आणि तिच्यावर पोट असलेल्या घरांना झळ पोचली. त्याआधी मातीखाली गेलेल्या शेतांची झळही अनेकांनी सोसली होती.

तेव्हा बंदरात जहाजे अवश्य मोजावीत. पण आपल्या डोंगरांनी दिले किती आणि आपल्या पदरी पडले किती, हा हिशेबही प्रत्येकाने तेथेच मनाशी मांडावा.