पोरांकडे अमेरिकेला जाताना

गळीत हंगाम आटोपला, खोडव्याला पाणी दिले, की आपल्या सभासद बंधूंच्या बोलण्यात हल्ली एक नवा विषय निघतो. मुलगा टेक्सासला आहे, लेक न्यू जर्सीला आहे, "एकदा दोघेही येऊन जा" म्हणतात, जायचे कसे? आपल्या शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले १९६० साली. अमेरिकेने कायदा बदलून आशियातल्या शिकलेल्यांना दार मोकळे केले १९६५ साली. पुढे मराठी माणसे तिकडे इतकी झाली की १९८१ मध्ये तिथल्या मंडळांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले. पोरे तर रुळली. आता पाळी आई-बापांची.

पहिले काम पासपोर्टचे. २०१७ पासून पोस्टातही पासपोर्टची केंद्रे निघाली, आपल्या शहरातही आहे, त्यामुळे त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. अडते ते नावाला. आधारवर भाऊराव, शाळेच्या दाखल्यावर भाऊसाहेब, सात-बाऱ्यावर आणखी तिसरेच! मालकिणीचे माहेरचे नाव वेगळेच. हे आधी एकसारखे करून घ्यावे, मगच अर्ज भरावा. लग्नाचा दाखला मात्र डिसेंबर २०१६ पासून मागत नाहीत.

व्हिसाची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होते. बोटांचे ठसे व फोटो त्याआधी वेगळे द्यावे लागतात, तेव्हा दोन दिवसांची तयारी ठेवावी. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नये, मुलाखत मराठीतही देता येते. तिकडचा कायदा असा, की येणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतो असे धरून चालायचे. परत जाणार हे अर्जदाराने पटवून द्यायचे. इथे आपली बाजू भक्कम आहे. रानात उभा ऊस, दावणीला जनावरे सोडून कोण तिकडे बसणार? पण सात-बाऱ्याची जाडजूड फाईल पुष्कळदा उघडूनही पाहत नाहीत. दोन-तीन मिनिटांत विचारले तेवढेच सरळ सांगावे. लेकीचे बाळंतपण असेल तर तसेच सांगावे. "हमखास व्हिसा" म्हणणारा एजंट खोटा कागद जोडून मोकळा होतो, आणि दार कायमचे बंद होते ते आपल्याला, त्याला नाही.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो मुदतीचा. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षे राहता येते, असे कित्येकांना वाटते. तसे नाही. विमानतळावर उतरल्यावर तिथला अधिकारी मुक्कामाची तारीख ठरवतो, बहुधा सहा महिने. तीच खरी. पोराकडून ती संगणकावर पाहून घ्यावी. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडले तर तीन वर्षे, वर्षभर किंवा अधिक राहिले तर दहा वर्षे पुन्हा प्रवेश नाही. "नातू लहान आहे, राहा आणखी" हा आग्रह गोड असतो, पण मुदत वाढवायची तर तारीख संपण्याआधी अर्ज करावा लागतो.

दवाखाना तिकडे फार महाग. विमा उतरवूनच निघावे, आणि रक्तदाब-मधुमेह असेल तर जुन्या आजाराचा खर्च त्यात धरला आहे का, हे वाचून घ्यावे. गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची सांगून ठेवली तर चालणाऱ्या माणसालाही तिचा उपयोग होतो: खुर्ची ढकलणारा माणूसच सगळ्या रांगा पार करून देतो.

सामानात लोणचे, मसाले, गूळ असेल ते फॉर्मवर लिहून द्यावे. ताजी फळे, मांस, बियाणे नकोच. आणि हौसेने उसाची कांडी तर मुळीच नेऊ नये, उसावर तिथे रोगराईच्या भीतीने कडक बंधन आहे. "शेतावर, गोठ्यात गेला होता का?" असेही विचारतात. आपण तर रोजच जातो! हो म्हणावे. फार तर पायताण तपासतात, कारण लाळ-खुरकुताचा रोग चिखलाबरोबर जातो. नवी चप्पल घालून निघालेले बरे.

जाण्याचा काळ एप्रिल-मे चांगला. उसाचे बिल हाती आलेले असते, तिकडची थंडीही सरलेली असते. मात्र आडसाली लागण जुलै-ऑगस्टात येते. ती कोणाच्या हाती द्यायची आणि उसाची नोंद शेतकी विभागात कोणी करायची, हे घरात ठरवून जावे. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा असते, आणि सहकार कायद्याप्रमाणे सभासदाचे मत दुसऱ्याला देता येत नाही. परतीचे तिकीट त्या बेताने काढावे.