फोन संध्याकाळी घरी येतो

लातूर-नांदेडच्या खेड्यांत घरचा एकुलता स्मार्टफोन बहुधा वडिलांच्या खिशात असतो. सोयाबीनची सुगी असली की तो अंधार पडल्यावरच घरी येतो. दहावीसाठी निम्मा वर्गात, निम्मा ऑनलाइन असा अभ्यासक्रम आखणाऱ्या शिक्षकाला या वेळापत्रकापासूनच सुरुवात करावी लागते. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२०च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या ६१.८ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये ३६.५ टक्के. पण घरात असणे वेगळे, मुलाच्या हाती येणे वेगळे.

म्हणून ठरावीक वेळेचा थेट ऑनलाइन तास इथे फारसा चालत नाही. छोटा व्हिडिओ बरा: एकदा उतरवून घेतला, की रात्री रेंज नसतानाही पाहता येतो.

साहित्याची वानवा नाही. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-मंचावर नेतात. सोलापूर जिल्ह्यातले शिक्षक रणजितसिंह डिसले अशाच कोडच्या प्रयोगांमुळे २०२० मध्ये जगभर पोचले.

खरी कसोटी वर्ग आणि फोन यांतल्या वाटणीची. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७च्या सुमारास व्हिडिओतून व्याख्यान घरी धाडले आणि वर्गाचा वेळ सरावाला मोकळा केला. इथे भिंगांच्या धड्याचे तसेच करता येईल. प्रतिमा कशी सरकते ते पडद्यावर छान दिसते. किरणाकृती मात्र पट्टी-पेन्सिल घेऊन वर्गातच काढायची.

सततच्या चाचण्या तर परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ला नव्या नाहीत. पाच प्रश्नांची चाचणी फोनवर झाली, तर कोण कुठे अडले ते शिक्षकाला वर्गात शिरण्याआधीच कळते. फोन न मिळालेल्यांसाठी तेच प्रश्न फळ्यावर.