रेडिएटर घरी बदलताना

हसनाबादसारख्या गावात घरची गाडी ही चैन राहिलेली नाही. रात्री-बेरात्री कुणाला भोकरदनला किंवा जालन्याला दवाखान्यात न्यायचे, तर तीच कामी येते. उन्हाळ्यात आमच्या मराठवाड्यात पारा 40 अंशांपुढे जातो, त्यात आपण रेडिएटरमध्ये बोअरचे क्षाराचे पाणी ओततो. क्षार बारीक नळ्यांत थर धरतात, पाणी नीट फिरत नाही आणि इंजिन तापते.

पूर्वीचे तांब्या-पितळेचे रेडिएटर डाग देऊन चालत. आता बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असतात. टाकीला तडा गेला की रेडिएटर बदललेलाच बरा. पण आधी गळती कुठे आहे ते पाहावे. कधी दोष नुसत्या पाइपचा किंवा क्लिपचा निघतो.

काम फजरच्या नमाजनंतर, गाडी रात्रभर थंड झाल्यावर करावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली 100 अंशांवरही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो आणि उकळते पाणी तोंडावर उडते.

गाडी सपाट जागी लावावी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा फिरतो. खाली घमेले ठेवून कूलंट काढावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. मग दोन्ही पाइप, पंखा आणि बोल्ट काढून रेडिएटर उचलावा. एसीच्या नळ्या सोडू नयेत. काही ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरच्या तेलाच्या नळ्याही रेडिएटरला जोडलेल्या असतात. तिथे मिस्त्रीलाच बोलवावे.

नवा रेडिएटर जुन्याशी ताडून बसवावा. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलेच कूलंट भरावे. ते तयार मिश्रण नसेल तर साधारण निम्मे डिस्टिल्ड वॉटर मिसळावे. झाकण लावून, हीटर चालू ठेवून, पंखा फिरेपर्यंत इंजिन चालवावे. काट्यावर नजर ठेवावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पातळी पाहून कमी पडलेले कूलंट भरावे, कारण आत अडकलेली हवा निघून गेलेली असते.

आता आई-वडिलांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड, पण विषारी असते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. रंगीत आणि गोड, म्हणजे मुलांना सरबतच वाटायचे. म्हणून ते शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. घमेले अंगणात उघडे सोडू नये. शेळ्या-कोंबड्या तोंड घालतात, आणि त्या शेजाऱ्याच्याही असू शकतात. सांडलेले मातीने टिपून ती माती उचलावी. जुने कूलंट मोरीत किंवा विहिरीजवळ न ओतता, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये नाव लिहून, ते जमा करून घेणाऱ्या गॅरेजला द्यावे.

मूल थोडेसेही प्यायले, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नये. कॅन सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा.