स्मरणशक्तीची बाटली आणि ताटातला रस्सा

दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की आपल्या लोणंदमध्येही कांद्याच्या पट्टीतून उरलेला पैसा बुद्धिवर्धक टॉनिककडे वळतो. पण निरोगी माणसाची बुद्धी गोळीने वाढते, असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर जिन्कोची चाचणी झाली. तिने स्मृतिभ्रंश टळत नाही, असे २००८ साली दिसले.

शरीरात कमतरता असेल तर गोष्ट वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात बी-१२ फार कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी लक्ष व स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडली.

हे जीवनसत्त्व मटण, कलेजी, मासे, अंडी, दुधात असते. आपल्या घरी मटण शिजते, पण सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या ताटात बहुधा रस्साच उरतो. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या आजी-आजोबांचेही बी-१२ घटू शकते.

म्हणून विसर पडू लागला, हातापायांना मुंग्या आल्या, तर बाटलीआधी डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घेऊ या. आणि दिवस गेलेल्या सुनेला पहिली बोटी वाढू या.